त्याच वाफ्यात दर हंगामाला टोमॅटो मरतो? उपटण्याआधी हे बघा

सामायिक बागेत काम करणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. रोप चांगलं हातभर वाढलं, फुलं लागली आणि एका दुपारी त्यानं मान टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं. आठवडाभरात निम्मा वाफा आडवा. मग ज्याला जे सुचेल ते सुरू होतं. एकाला वाटतं पाणी कमी पडतंय, तो दोन झाऱ्या ओततो. दुसरीला वाटतं पाणी जास्त झालंय, ती आळं फोडून ठेवते. तिसरा मूठभर खत टाकतो आणि चौथा घरातली कसलीशी बाटली आणून फवारतो. शेवटी रोप उपटून कंपोस्टच्या ढिगावर जातं, त्या जागी नवं लागतं, आणि पुढच्या हंगामात तिथेच तोच प्रकार.

आमच्या बागेत हे ओळीनं तीन हंगाम झालं. शेवटी उलगडा झाला तेव्हा लक्षात आलं की आम्ही दर वेळी मेलेल्या रोपाचा विचार करत होतो, जागेचा कुणीच करत नव्हतं. स्वतःच्या परसात एकाच माणसाला सगळं आठवत असतं: कुठे काय लावलं होतं, कुठे पाणी साचतं. सामायिक जागेत वाफा हातोहात फिरतो. जुना माणूस सोडून जातो, नवा येतो, आणि त्या मातीत मागे काय घडलं हे त्याला कुणी सांगत नाही. शेतकरी याला बेवड म्हणतात. आधीच्या पिकानं जमीन कशी करून ठेवली आहे ते. शहरातल्या वाफ्यालाही बेवड असतो, फक्त तो कुणाला ठाऊक नसतो.

म्हणून औषधाच्या आधी निदान. लागतं काय? खुरपं, बादली, चाकू, काचेचा ग्लास आणि अर्धा तास.

आधी घड्याळ, मग माती

दुपारी दोनला कोमेजलेलं रोप आजारी असेलच असं नाही. कडक उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगानं उडतं की मुळांना ते पुरवता येत नाही, आणि पानं लोंबतात. ऊन उतरलं की ती सावरतात. म्हणून सकाळी, ऊन वर यायच्या आत बघा. पहाटेच्या गारव्यातही पानं लोंबत असतील तर खरंच काहीतरी बिघडलंय. एकाच सकाळवर मात्र निकाल देऊ नका. मर रोगाच्या सुरुवातीलाही रोप एक-दोन रात्री सावरतं आणि मग कायमचं बसतं. दोन-तीन सकाळी ओळीनं बघा.

मग मातीत हात घाला. वरच्या थरात नको, दहा-पंधरा सेंटिमीटर खोल. तिथली माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाच्या टोकणीनं फुटला तर वाफसा आहे, पाण्याचा दोष नाही. गोळाच होत नसेल तर रोप तहानलेलं आहे, पाणी द्या आणि हा लेख इथेच सोडा. मुठीतून पाणी निथळत असेल आणि तरीही रोप कोमेजलेलं असेल, तर बहुधा त्याची मुळं गुदमरताहेत.

मुळांना हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की प्राणवायू संपतो, मुळं काम थांबवतात, आणि पाण्यात उभं असलेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच दिसू लागतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. सामायिक बागेत हे जास्त होतं, कारण सकाळी येणाऱ्यानं पाणी दिलेलं संध्याकाळी येणाऱ्याला माहीत नसतं. सुटीच्या दिवशी तर एकाच वाफ्याला तीन जण प्रेमानं पाणी घालून गेलेले मी पाहिले आहेत. आम्ही वाफ्याच्या कोपऱ्यात एक कुंडी ठेवली. पाणी दिलं की ती उलटी करायची, दुसऱ्या दिवशी पहिला येणारा ती सुलटी करतो. एवढ्यानेच एका वाफ्याची ‘मर’ थांबली. तिथे रोग नव्हताच.

कुंडी उलटी-सुलटी करूनही माती चिखलच राहत असेल तर निचरा तपासा. 30 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा, आणि आता तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा वाईट. शहरातल्या मोकळ्या जागेत याचं कारण बहुतेकदा वीतभर खाली सापडतं: बांधकामाच्या वेळी वाहनांनी दाबून टाकलेला कडक थर, किंवा राडारोड्यावर पसरलेली बाहेरची माती. खड्डा घेतानाच फावडं खणकन वाजतं. अशा जागी माती सुधारण्याची वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा 25-30 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा आणि मोकळे व्हा. जाता जाता एक सांगतो. राडारोड्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं चित्र दिसतं. ती लोहाची कमतरता. तिचा कोमेजण्याशी संबंध नाही, पण लोक दोन्हींची गल्लत करतात.

रोप उपटू नका, खणून काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. धरलं खोड आणि ओढलं, की बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. पुरावा तिथेच, आणि रोगही तिथेच. अर्धवट कोमेजलेलं, अजून हिरवं असलेलं रोप निवडा. पूर्ण वाळलेलं रोप काही सांगत नाही. खोडाभोवती वीतभर अंतरावरून खुरप्यानं खणा, मातीच्या ढेकळासकट उचला, बादलीतल्या पाण्यात हलकेच बुचकळून माती सुटू द्या. मग उजेडात धरा.

मुळांवर गाठी दिसल्या, जणू दोरीला ठिकठिकाणी गाठी मारल्यात, तर ते सूत्रकृमी. डोळ्यांना दिसत नाहीत, अळीची लांबी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, पण मुळाच्या आत शिरून ती मुळाला फुगवते. घेवडा, वाटाणा यांच्या मुळांवरही गाठी असतात, त्या बघून घाबरू नका. त्या नत्र धरून ठेवणाऱ्या उपयोगी जिवाणूंच्या असतात. फरक ओळखणं सोपं: उपयोगी गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सहज सुटते आणि चिरली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच फुगलेलं असतं.

मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल हातात येऊन आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल तर मूळकूज. ही पाणी साचण्याची सख्खी बहीण, वरच्या निचऱ्याच्या परिच्छेदाकडे परत जा.

खोड जिथे मातीला टेकतं तिथे पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी गोळे दिसले तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. सभोवतालची वरची माती दाण्यांसकट खरवडून पिशवीत भरा. खोडाला टेकलेलं ओलं आच्छादन बाजूला सारा. उरलेल्या दाण्यांसाठी हंगाम संपल्यावर माती खोल पालटून ते खाली गाडतात, खोलवर हवा कमी असते, तिथे ही बुरशी फोफावत नाही.

मुळं कुरतडलेली असतील तर हुमणी शोधा, ती तिथेच इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली सापडेल. आणि वांग्याचं पूर्ण रोप नव्हे तर फक्त शेंडा मान टाकत असेल, तर तो शेंडा चिरून बघा, आत अळी असते. शेंडा खाली कापून नष्ट करा, रोप वाचतं.

मुळं पांढरी, स्वच्छ, निरोगी निघाली, आणि रोप तरीही मेलं? मग खोडाकडे वळा.

ग्लासातली परीक्षा

जमिनीलगत खोड तिरकं चिरा. आत सालीखाली तपकिरी कडं दिसलं तर पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत. हे काम बुरशी करते किंवा जिवाणू, आणि दोघांचे उपाय वेगळे, म्हणून इथे थांबून फरक करायलाच हवा.

खोडाच्या बुडाचा पाच-दहा सेंटिमीटरचा ताजा तुकडा स्वच्छ चाकूनं कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा तो वरून टांगा. दोरा किंवा कपड्याचा चिमटा चालतो. ग्लास हलवू नका, मागे काळा कागद धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी रेघ खाली उतरू लागली तर हा जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया. ती रेघ म्हणजे खोडात कोंबून बसलेले जिवाणू. पहिल्यांदा ती बघताना अंगावर काटा येतो, पण तीन हंगामांचं कोडं पाच मिनिटांत सुटतं. सगळं पाणी नुसतं गढूळ झालं तर निष्कर्ष काढू नका. सडलेल्या खोडातून इतर जिवाणूही येतात. दुसरं ताजं रोप घ्या. आणि परीक्षा झाल्यावर ते पाणी वाफ्यात ओतू नका, ब्लीच घालून गटारात सोडा.

रेघ आली नाही, तपकिरी रंग मात्र खोडात बराच वर चढलेला दिसतोय, आणि कोमेजण्याआधी खालची पानं पिवळी पडत गेली होती, तीही अनेकदा एकाच बाजूची, तर फ्युझेरियम बुरशी. जिवाणूजन्य मर रोपाला हिरवंच ठेवून मारतो, दोन-चार दिवसांत. फ्युझेरियम सावकाश, पिवळं करत करत मारतं. एवढं आठवलं तर पुष्कळदा ग्लासाआधीच अंदाज येतो.

‘पण आम्ही पीक बदललं होतं!’

आमच्या ग्लासात रेघ उतरली. तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता. फेरपालट तर आम्ही केलीच होती. मी जुन्या लोकांना विचारून त्या वाफ्याचा इतिहास लिहून काढला. आधी टोमॅटो, त्याआधीच्या माणसानं वांगी, त्याच्याही आधी कुणीतरी बटाटे. आणि पुढच्या हंगामात म्हणून ठरली होती मिरची! चारही एकाच कुळातली, चारही राल्स्टोनियाची आवडती. नाव बदललं, भाजी बदलली, रोगाच्या दृष्टीनं ताटात तेच वाढलं गेलं होतं. मध्ये जे महिने वाफा ‘मोकळा’ होता, त्यात कामोणी माजली होती. तीही त्याच कुळातली, त्याच जिवाणूला आसरा देणारी.

त्यामुळे फेरपालट भाजीच्या नावावरून नव्हे, कुळावरून करायची. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एक कुळ. काकडी, दोडका, भोपळा, कारलं हे दुसरं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी तिसरं. घेवडा, वाल, वाटाणा, चवळी चौथं. कांदा-लसूण पाचवं. यापलीकडचा बारकावा बहुतेक बागांना लागत नाही.

आता अडचणीची गोष्ट. तीन मीटर लांब-रुंद तुकड्यात एकटा माणूस करतो ती फेरपालट बऱ्याच अंशी कागदावरची असते. टोमॅटो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, पण मधलं अंतर दोन पावलांचं. खुरप्यानं, चपलेनं, पाण्याच्या ओघळानं माती तिथे आधीच पोचलेली असते. खरी फेरपालट अख्ख्या बागेची हवी. या वर्षी टोमॅटो-वांगी-मिरची सगळ्यांची या पट्ट्यात, पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात, आणि पहिल्या पट्ट्यात तीन-चार वर्षं परत नाही. हे सांगितलं की लोक बिथरतात, ‘माझा वाफा’ सोडवत नाही. आमच्याकडे मधला मार्ग निघाला: बाकी भाज्या ज्याच्या त्याच्या वाफ्यात, फक्त या एका कुळासाठी सामायिक पट्टा, त्यात प्रत्येकाच्या चार-सहा रोपांची ओळ. त्यावर भांडणं झाली. माझा टोमॅटो तू तोडलास वगैरे. पण रोपं जगली म्हणून भांडायला टोमॅटो तरी होते.

निदानानंतर काय

जिवाणूजन्य मर असेल तर फवारणीनं रोप वाचत नाही. कुणी बाटली दाखवली तर पैसे वाचवा. रोप भोवतालच्या मातीसकट काढून पिशवीत बांधा आणि बागेबाहेर टाका. त्या वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वाहणार नाही असा बांध घाला. दिवसाचं काम करताना हा वाफा सगळ्यात शेवटी. तिथे आता मका, कांदा, लसूण, कोबी असली पिकं घ्या आणि तण अजिबात माजू देऊ नका. यानं जिवाणू कमी होतो, संपत नाही. काही वर्षं लागतात. तोवर टोमॅटो हवाच असेल तर दोन वाटा. एक, मोठ्या कुंडीत किंवा पिशवीत बाहेरची स्वच्छ माती, आणि कुंडी विटांवर, म्हणजे मुळं खाली उतरणार नाहीत. दुसरी, कलमी रोपं. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्रानं वांग्याच्या ईजी 203 सारख्या निवडक वाणांच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधण्याची पद्धत प्रसारात आणली. तो खुंट राल्स्टोनियाला दाद देत नाही, शिवाय काही काळ पाणी साचलेलंही सोसतो. कलमाचा सांधा मातीत मात्र गाडायचा नाही. आपल्याला टोमॅटो खोल लावायची सवय असते आणि इथे तीच घात करते: सांध्याच्या वरून टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि रोग त्या दारानं आत येतो.

फ्युझेरियमसाठी बियाण्याचं पाकीट वाचा. वाणाच्या नावापुढे एफ अक्षर असेल तर तो फ्युझेरियमला प्रतिकारक, एन असेल तर सूत्रकृमीला. एफ दोनदा किंवा तीनदा असेल तर बुरशीच्या तितक्या प्रकारांना. ही बुरशी मातीत अनेक वर्षं टिकते, त्यामुळे दोन वर्षांची फेरपालट करून ती गेली असं समजू नका. प्रतिकारक वाण हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. आणि सूत्रकृमीही असतील तर आधी त्यांच्या मागे लागा, कारण त्यांनी मुळाला पाडलेली भोकं बुरशीला रस्ता देतात.

ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीबद्दल फार विचारलं जातं. तो उपयोगी आहे, पण वेळेवर. चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून लागवडीआधी मातीत घातला तर बुरशीजन्य रोगांना अटकाव करतो. रोपानं मान टाकल्यावर त्याच्या बुडाशी ओतला तर मनाचं समाधान. जिवाणूजन्य मरेवर त्याच्या भरवशावर राहू नका. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर तर देऊच नका, तोही बुरशीच आहे.

सूत्रकृमींसाठी सगळ्यांना झेंडू माहीत असतो, आणि बहुतेक जण तो चुकीचा लावतात. टोमॅटोच्या वाफ्याच्या चार कोपऱ्यांत चार झेंडू म्हणजे शोभा. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य त्या मुळांच्या आसपासच काम करतं. त्यामुळे अख्खा वाफा झेंडूचाच हवा, दाट, 15-20 सेंटिमीटरवर एक रोप, निदान दोन महिने, आणि मध्ये एकही तण नाही. या सूत्रकृमी हजारांवर जातींच्या वनस्पतींवर जगतात, म्हणजे दोन-चार तणंही त्यांना पुरतात. बुटका, फ्रेंच म्हणतात तो झेंडू या कामाला चांगला. एन अक्षराच्या वाणांनाही एक मर्यादा आहे. माती 28 अंश सेल्सियसच्या वर तापली की त्यांचा प्रतिकार ढिला पडतो. म्हणून त्या वाफ्यावर आच्छादन हवंच.

तिन्हींवर कमी-अधिक चालणारा उपाय म्हणजे माती उन्हानं तापवणं. याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली इस्राएलमधून याची पद्धतशीर मांडणी केली. वाफा सपाट करा, ढेकळं फोडा, चांगला भिजवा, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, 25 ते 50 मायक्रॉन जाडीचं, कडा मातीत गाडून. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतः तापतं, माती कमी तापते. वर्षातल्या सर्वात कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे. ओली माती उष्णता खोल नेते, म्हणून कोरड्यावर अंथरलेलं प्लॅस्टिक फुकट. जिवाणूच्या बाबतीत यश कमी-जास्त मिळतं, कारण तो खोलवरही असतो.

इथे दोन गोष्टी शहरातल्या सामायिक बागेत आडव्या येतात. पहिली इमारतींची सावली. दिवसातून निम्मा वेळ सावली असेल तर हा उपाय विसरा. दुसरी, कडा. प्लॅस्टिकच्या कडेची माती आतल्याइतकी तापत नाही. मीटरभर रुंद वाफ्यात दोन्ही बाजूंच्या थंड कडा धरल्या तर मधे तापलेला पट्टा उरतो केवढासा? आणि पहिल्याच खुरपणीत कडेची माती आत येते. एकट्यानं केलेलं फसतं ते यामुळे. लागून असलेले चार वाफे एकदम, मधल्या पायवाटेसकट झाकले तर उपयोग होतो. म्हणजे चौघांनी ऐन उन्हाळ्यात एकाच वेळी वाफा रिकामा ठेवायला हवा. मातीपेक्षा हे अवघड आहे. आम्ही त्या चौघांना तेवढ्या काळापुरता इतरांच्या वाफ्यात हिस्सा दिला, तेव्हा कुठे जमलं.

रोग फिरतो कसा

एवढं करूनही रोग परतला तर तो बाहेरून आणला जातोय. आणतो कोण? आपणच.

अवजारांची पेटी सगळ्यांची एक असते. आजारी वाफ्यातलं खुरपं मातीसकट पेटीत पडतं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वाफ्यात जातं. आधी पाण्यानं माती पूर्ण धुवा, मग 70 टक्के अल्कोहोलनं पुसा किंवा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी या ताज्या द्रावणात थोडा वेळ बुडवा. चिखल लागलेल्या पात्यावर ब्लीच ओतून काही होत नाही. ब्लीचनं लोखंड गंजतं, नंतर धुऊन तेलाचा बोळा फिरवा. हे दर वेळी कुणी करत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आम्ही एक खुरपं आणि एक फावडं लाल रंगवून त्या आजारी पट्ट्यालाच बांधून टाकलं. तीन पाट्या लावून जे होत नव्हतं ते या रंगानं झालं.

पाण्याची नळी वाफ्यावाफ्यातून फरफटत नेऊ नका आणि पाटानं पाणी सोडू नका, वरच्या वाफ्यातलं सगळं खाली वाहून येतं. झारीनं, बुडाशी द्या.

उरलेली रोपं वाटून टाकणं हा बागेतला गोड प्रकार, आणि रोगाचा हमरस्ताही. रोगट वाफ्याच्या मातीत वाढवलेलं रोप वरून ठणठणीत दिसतं. रोपं बाहेरून आणलेल्या स्वच्छ माध्यमात, ट्रेमध्ये, जमिनीपासून उंचावर वाढवलेली असतील तरच वाटा.

राहिला कंपोस्टचा ढीग. ‘कुजलं की मरतं’ हे अर्धसत्य आहे. रोगजंतू मरायला ढीग आतून 55 अंशांवर जावा लागतो, आणि उघड्या ढिगात ते तापमान पंधरा दिवस टिकवून त्या काळात निदान पाच वेळा खालीवर करावा लागतो, म्हणजे बाहेरची थंड सामग्री आत जाते. मीटरभर उंची-रुंदीपेक्षा लहान ढीग सहसा एवढा तापतच नाही. आमच्या ढिगात लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला, तर आकडा जेमतेम 40 च्या आसपास. तीन हंगाम आम्ही मेलेली रोपं त्यात टाकून, तेच खत सगळ्यांना वाटत होतो. आता या कुळाची मुळं आणि खोडं ढिगात जात नाहीत, रोगी असोत वा नसोत. रोगी कोणतं हे ठरवत बसायला कुणाला वेळ असतो?

बाहेरून आणलेल्या शेणखताची एक वेगळीच भानगड असते. जनावरांच्या चाऱ्यावर मारलेली काही तणनाशकं, क्लोपायरॅलिड किंवा अमिनोपायरॅलिड, शेणातून आणि खतातूनही टिकून राहतात. मग टोमॅटोची शेंड्याची पानं पिळवटतात, वाटीसारखी वळतात, आणि सगळे विषाणू विषाणू करत बसतात. परीक्षा सोपी आहे. चार कुंड्यांत ते खत मिसळलेली माती, चार कुंड्यांत खताविना, सगळ्यांत घेवड्याचं बी. दोन-तीन आठवड्यांत खताच्याच कुंड्यांतली पानं वेडीवाकडी आली तर ते खत परत पाठवा.

वाफ्याचा इतिहास टिकवण्यासाठी वही ठेवून पाहिली, पहिल्या पावसात भिजली. आता प्रत्येक वाफ्याला क्रमांकाची खुंटी आहे आणि तिच्यावर हंगामागणिक एक रंगाचा पट्टा. लाल म्हणजे टोमॅटोचं कुळ, बाकीच्यांना बाकीचे रंग, आणि मर आढळली तर लालवर काळी फुली. नवा माणूस वाफा घेतो तेव्हा खुंटी बघूनच बेवड कळतो.

उपाय केलेल्या पट्ट्यात पुन्हा टोमॅटो लावण्याआधी अख्खी लागवड पणाला लावू नका. पट्ट्यात विखरून पाच-सहा साधी, अप्रतिकारक रोपं लावा. सूत्रकृमीची एक पिढी उबदार मातीत तीन-चार आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे सहा आठवड्यांनी ही रोपं खणून काढली तर गाठी असल्यास दिसतातच. एखादं त्याआधीच कोमेजलं तर त्याच दिवशी ग्लास काढा. एकाही मुळावर गाठ दिसली, किंवा ग्लासात रेघ उतरली, तर त्या खुंटीवर आणखी एक काळी फुली, आणि पट्टा पुढच्या हंगामात मका किंवा झेंडूकडे, जे सापडलं असेल त्याप्रमाणे.